स्टीमर लेन: लाटेच्या आधी खडक वाचा

खारा_वारा

सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियातली आपली बरीच मंडळी हल्ली सर्फिंग शिकतायत. सांताक्रूझमधल्या काउल्सच्या वाळूच्या किनाऱ्यावर फोमच्या बोर्डवर नीट उभं राहता यायला लागलं की पुढचा प्रश्न ठरलेला: लेनवर कधी जायचं? व्यनितून (खाजगी निरोपातून) हेच वारंवार विचारलं जातं, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

लेन म्हणजे स्टीमर लेन. सांताक्रूझच्या वेस्ट क्लिफ ड्राइव्हवर विटांचं छोटं दीपगृह आहे, त्या लाइटहाउस पॉइंटच्या पूर्वेच्या कुशीत ही लाट फुटते. कॅलिफोर्नियाचा किनारा एरवी पश्चिमेला तोंड करून असतो, इथे तो वळून दक्षिणेकडे बघतो. लेनचं निम्मं मर्म या वळणात आहे. हिवाळ्यात अल्यूशन बेटांच्या बाजूला वादळं होतात. त्यांच्या लाटा वायव्येकडून येतात आणि पॉइंटला वळसा घालून आत शिरतात. इथला नेहमीचा वाराही वायव्येचाच. उघड्या किनाऱ्यावर तो समुद्रावरून येऊन लाटा विस्कटून टाकतो, पण इथे तो जमिनीवरून पाण्याकडे जातो आणि लाटेची भिंत तुळतुळीत ठेवतो. दक्षिणेचा वारा सुटला की मात्र सगळा खेळ संपला. उन्हाळ्यात दक्षिण गोलार्धातून, न्यूझीलंडच्या बाजूने निघालेल्या लाटा हजारो किलोमीटर कापून जवळजवळ समोरून येतात.

उरलेलं निम्मं मर्म खडकात. तळाशी वाळू कमी, गाळाच्या खडकाच्या लाद्या जास्त. या लाद्या वेगवेगळ्या खोलीवर असल्यामुळे लाट ठरलेल्या जागी फुटते, आणि त्या प्रत्येक जागेला नाव आहे. कड्याला अगदी खेटून फुटतो तो पॉइंट. त्याच्या पुढे, कड्यापासून फार लांब नाही असा स्लॉट. आणखी बाहेर मिडल पीक, मोठ्या लाटांचा आणि जागा बदलत राहणारा. पूर्वेला, काउल्सच्या दिशेने लांबलचक उजवी (सर्फरच्या उजव्या हाताला फुटत जाणारी) लाट देणारे इंडिकेटर्स. समुद्र खरोखर उठला तर या सगळ्यांच्या बाहेर थर्ड रीफ फुटायला लागतो, आणि तेव्हा पाण्यात कोण असावं हे पाण्यातल्या जुन्या लोकांना बरोबर माहीत असतं.

आता मुद्दा. लेनवर उतरण्याआधी कड्यावर उभं राहून समुद्र बघा. किमान तासभर. वरून खालची लाट इतक्या जवळून दिसते अशा जागा जगात फार नाहीत, आणि या सोयीचा उपयोग न करता गाडीतून उतरून सरळ पाण्यात जाणारे लोक बघितले की मला खरंच काळजी वाटते. बघायचं काय? मोठ्या लाटांचा सेट किती वेळाने येतोय. मधल्या शांत वेळात लोक कुठून आत जातायत. सुटलेला बोर्ड किंवा दमलेला माणूस पाण्याबरोबर कुठे वाहतोय. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बाहेर कुठून यायचं. खाली कडा आहे, किनारा नाही. भरतीला तर कड्याच्या पायथ्याशी उभं राहायलाही जागा उरत नाही. पायऱ्या आहेत, पण शेवटच्या पायऱ्यांवर लाट आपटत असेल तर बोर्ड काखेत घेऊन तिथे पाय ठेवणं म्हणजे हाडं मोडून घेणं. अशा वेळी एकच शहाणपणाचा मार्ग: पूर्वेकडे वल्हवत राहा आणि किलोमीटरभरावर काउल्सच्या वाळूला लागा. दमलेल्या हातांना ते अंतर झेपणार नसेल, तर त्या दिवशी उतरू नका.

पॉइंटच्या टोकावरून बोर्ड छातीशी धरून उडी मारणारे दिसतील. त्यांना कोणता खडक किती पाण्याखाली आहे हे पाठ असतं. त्यांचं बघून उडी मारू नये.

---

ऋतुजा_फ्रीमाँट

ताई, फार गरजेचा धागा. मी दोन वर्षं काउल्सलाच आहे. एक शंका. अंदाजाच्या ॲपवर कधी "6 फूट, 9 सेकंद" असतं, कधी "4 फूट, 17 सेकंद". मी आकडा लहान बघून 4 फुटांच्या दिवशी जायचं ठरवते, पण पाण्यात तोच दिवस जास्त दांडगा असतो. हे कसं?

---

खारा_वारा

ऋतुजा, फुटांच्या आधी सेकंद बघायचे. सेकंद म्हणजे एकामागून एक दोन लाटा यायला लागणारा वेळ. दोन लाटांमधलं अंतर सेकंदांच्या वर्गाबरोबर वाढतं. खोल पाण्यात 9 सेकंदांची लाट साधारण सव्वाशे मीटर लांब असते, 17 सेकंदांची साडेचारशे मीटर. लाटेला तळ जाणवायला लागतो तो तिच्या निम्म्या लांबीइतक्या खोलीवर. म्हणजे पहिली साठ-पासष्ट मीटर पाण्यात आल्यावर वळायला लागते, दुसरी सव्वादोनशे मीटरवरच. तिला वळायला भरपूर वेळ मिळतो, ती पॉइंटभोवती पूर्ण वळून आत येते, आणि उथळ लादीवर चढताना उंचही जास्त होते. समुद्रात चार फूट असलेली ती लाट लेनवर डोक्याच्या वर जाते.

बॉयचाही उपयोग कर. मॉन्टेरेच्या बाहेर समुद्रात 46042 क्रमांकाचा बॉय, म्हणजे लाटा मोजणारं तरंगतं यंत्र आहे, त्याचे आकडे सगळ्यांना खुले असतात. तिथे 17 सेकंदांचा स्वेल (लांबून आलेल्या लाटा) दिसायला लागला की पाऊण-एक तासाने तो लेनवर पोचतो. लांब सेकंदांच्या लाटा पुढे धावतात, म्हणून नव्या स्वेलच्या सुरुवातीला समुद्र शांत वाटतो, वीस-वीस मिनिटं काही येत नाही आणि मग एकदम चार-पाच लाटांचा सेट येतो. तासभर बघा म्हणते ते याचसाठी. दहा मिनिटं बघणाऱ्याला तो सेट दिसतच नाही.

---

देवबागकर

वाचतोय, आणि डोळ्यासमोर मालवणची खडपं येतायत. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोवती पाण्याखाली इतका खडक आहे की होडी नेणाऱ्याला वाट तोंडपाठ लागते. ओहोटीला खडप दिसतं, भरतीला दिसत नाही, आणि न दिसणारंच घात करतं. तुमचं "आधी खडक वाचा" आमच्याकडच्या कुठल्याही खलाशाला पटेल.

एक विचारतो. आमच्याकडे तिथीच्या पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. चतुर्थी असेल तर तीनच्या सुमारास भरती, असा ढोबळ हिशेब. मुलगी तिकडे असते, तिला हा हिशेब शिकवला होता. तिथे चालेल का?

---

खारा_वारा

देवबागकर काका, उधाण आणि भांग तिथेही चंद्राप्रमाणेच. अमावस्या-पौर्णिमेला फरक मोठा, अष्टमीच्या आसपास कमी. पण पाऊणपटीचा हिशेब नेऊ नका. प्रत्येक किनाऱ्यावर चंद्र डोक्यावर आल्यापासून भरती येईपर्यंतचा वेळ वेगळा असतो, तुमचा हिशेब तुमच्या किनाऱ्याच्या अनुभवातून बसवलेला आहे. शिवाय इथल्या दिवसातल्या दोन भरत्या आणि दोन ओहोट्या चांगल्याच असमान असतात. सकाळची ओहोटी नाममात्र आणि दुपारची खडक उघडे पाडणारी, असंही होतं. नोआ या अमेरिकी सरकारी संस्थेचं भरतीचं कोष्टक रोज बघायचं, त्याला पर्याय नाही.

लेनला भरतीचं महत्त्व दुहेरी आहे. पाणी फार चढलं की लाट लादीवर नीट फुटत नाही, ढेपाळते, आणि कड्यावर आपटून उलटी येते. ही उलटी लाट येणाऱ्या लाटेला मध्येच भेटली की टेकऑफच्या, म्हणजे लाटेवर उभं राहण्याच्या क्षणी बोर्ड अचानक हवेत उचलला जातो. पाणी फार उतरलं की पॉइंटपाशी खडक वर येतो. मधलं पाणी उत्तम, आणि शिकाऊ माणसाने चढत्या पाण्यात जाताना "मी बाहेर येईन तेव्हा पायऱ्या शिल्लक असतील का" हे आधी पाहावं.

---

सागरवेध

+१. थोडी इतिहासाची भर घालतो, कारण लेनचा इतिहास या कड्याशीच बांधलेला आहे.

सांताक्रूझमध्ये सर्फिंग पहिल्यांदा झालं 1885 साली. हवाईचे तीन राजपुत्र शिक्षणासाठी कॅलिफोर्नियात होते: डेव्हिड कावानानाकोआ, एडवर्ड केलीइआहोनुई आणि जोना कुहिओ कलानिआनाओले. त्यांनी इथल्याच रेडवूडच्या फळ्या कापून घेतल्या आणि सॅन लोरेन्झो नदीच्या मुखाशी लाटांवर स्वार झाले. ते मुख लेनपासून फार लांब नाही.

लेनवर लोक नियमाने जायला लागले ते पुढे बऱ्याच वर्षांनी, आणि तेव्हा दोन अडचणी होत्या: थंडी आणि कडा. थंडीवर निओप्रीनचा वेटसूट आला. बर्कलीचे भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर यांनी पाण्याखाली बुडी मारणाऱ्या माणसांसाठी त्यावर काम केलं होतं. सर्फरांपर्यंत तो पोचवण्यात मोठा वाटा जॅक ओनील यांचा. त्यांनी 1952 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत दुकान काढलं आणि 1959 मध्ये सांताक्रूझला आले. कड्याचा प्रश्न मात्र राहिलाच. बोर्ड हातातून सुटला की तो सरळ खडकावर जायचा, तुकडे व्हायचे, आणि माणसाला थंड पाण्यातून पोहत त्याच खडकांशी जावं लागायचं. ओनील यांचा मुलगा पॅट याने सर्जिकल रबरी नळी वापरून बोर्ड माणसाला बांधायची युक्ती पुढे आणली. सुरुवातीला जुने लोक तिला हसले. त्या रबरी दोरीने ताणून परत येताना घातही केला: 1971 मध्ये खुद्द जॅक ओनील यांचा डावा डोळा तिच्यामुळे गेला. त्यांच्या डोळ्यावरची काळी पट्टी पुढे सगळ्या जगाने पाहिली. आजची लीश, म्हणजे बोर्ड बांधायची ही दोरी, युरेथेनची असते, इतकी ताणली जात नाही, आणि घोट्याला बांधतात.

आणि ते विटांचं दीपगृह. मार्क ॲबट नावाचा अठरा वर्षांचा मुलगा 1965 मध्ये समुद्रात बुडून गेला, त्याच्या आईवडिलांनी त्याच्या स्मरणार्थ ते 1967 मध्ये उभारलं. 1986 पासून आत सर्फिंगचं संग्रहालय आहे.

---

खारा_वारा

सागरवेध, मनापासून आभार. लीशबद्दल एक पुरवणी. लीश आहे म्हणून बोर्ड सोडून पाण्याखाली बुडी मारायची सवय काउल्सला लागते. लेनवर मागे माणसं असतात, आणि दहा फुटी लीश ताणली की बोर्ड धरून वीस फुटांचा घेर होतो. बोर्ड धरून ठेवायचा. कड्यावरच्या फलकावर नियम लिहिलेले आहेत, त्यात हाही आहे: लाटेवर पहिला असलेल्याचा हक्क पहिला, वल्हवताना लाटेच्या मधून न जाता वळसा घ्या, बोर्ड सोडू नका, दुसऱ्याला मदत करा. एवढे पाळले तरी तिथले जुने लोक आपल्याला जागा देतात. मला दिली. ते पाण्यात कडक बोलतात हे खरं, पण त्या गर्दीत आणि त्या खडकांत कडक बोलणं लागतंच.

---

निशिगंध

वेटसूट कोणता घ्यावा? मी एप्रिलपासून सुरू करायचं म्हणतेय, तोवर पाणी तापेल ना?

---

खारा_वारा

निशिगंध, उलट आहे. एप्रिल-मे हेच पाणी सगळ्यात थंड. वसंतात वायव्येचा वारा जोर धरतो, पृथ्वीच्या फिरण्यामुळे वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर ढकललं जातं आणि त्याची जागा भरायला तळाचं गार पाणी वर येतं. पाणी वर्षभर साधारण 10 ते 15 अंशांत असतं आणि त्यातलं खालचं टोक वसंतात. सप्टेंबर-ऑक्टोबर सगळ्यात उबदार. 4/3 मिलिमीटरचा (धडाला 4, हातापायांना 3 जाडीचा) अंगाला घट्ट बसणारा सूट घे, पायात बूट घे. सैल सूटमध्ये पाणी खेळतं आणि पैसे वाया जातात. बूट खडकावरून चालायलाही लागतात, तिथे शिंपल्यांच्या धारा असतात.

तेच गार पाणी खालून पोषणद्रव्यं आणतं, म्हणून लेनवर केल्पचं, म्हणजे उंच समुद्री शेवाळाचं जंगल आहे. ओहोटीला केल्पचे पट्टे पृष्ठभागावर पसरतात आणि बोर्डखालच्या फिनमध्ये (पात्यात) अडकतात. लाटेवर असताना बोर्ड एकदम ब्रेक लागल्यासारखा थांबतो तो यामुळे. पण केल्प लहान वाऱ्याच्या खळबळीला दाबतं, म्हणून मला ते आवडतं.

---

ऋतुजा_फ्रीमाँट

केल्प आलं तर ऑटर (समुद्री पाणमांजर) हवंच! 2023 च्या जुलैमध्ये 841 क्रमांकाची मादी ऑटर लेनवर सर्फरांच्या बोर्डवर चढून बसत होती, बोर्ड चावत होती. मी कड्यावरून स्वतः बघितलंय. कठड्यावर गर्दी उसळलेली, खाली एक मुलगा बोर्ड सोडून लांब पोहतोय आणि ती बोर्डच्या टोकाशी बसून फोमचे लचके तोडतेय. पकडायला गेलेल्या पथकाला तिने किती दिवस हुलकावणी दिली.

---

खारा_वारा

आणि तिला पकडता आलं नाही ते बरंच झालं. शरद ऋतूत ती पिल्लासह दिसली. दक्षिणी समुद्री ऑटर फरसाठी मारून मारून संपल्यात जमा होते, आज कॅलिफोर्नियात जेमतेम तीन हजारांच्या आसपास आहेत. ते केल्प कुरतडणाऱ्या समुद्री साळ्या (सी अर्चिन, काटेरी गोळ्यांसारखे जीव) खातात म्हणून केल्प टिकतं. पाण्यात ऑटर दिसला तर 60 फूट लांब राहा. तो तुमच्याकडे आला तर तुम्ही बाजूला व्हा. लाट पुन्हा येईल.

---

कातळवेडा

धाग्याच्या नावात खडक आहे म्हणून लिहितो. माझं काम भूशास्त्राशी संबंधित आहे. हा कडा म्हणजे तळाला गाळाचा खडक आणि त्यावर जुन्या सागरी पायरीची (एकेकाळच्या समुद्रतळाची) सैल माती-वाळू. लाट पायथा पोखरते, गुहा होते, छत कोसळतं. पश्चिमेला नॅचरल ब्रिजेस नावाचा किनारा आहे, तिथे कधीकाळी तीन कमानी होत्या, त्यातली किनाऱ्याजवळची 1980 मध्ये पडली. आता मधली एकच उभी आहे. 2023 च्या जानेवारीतल्या वादळांनी वेस्ट क्लिफ ड्राइव्हचे लचके तोडले, रस्त्याचा काही भाग बंद करावा लागला.

म्हणून वरून बघणाऱ्यांना विनंती: कठड्याच्या पलीकडे, अगदी कडेला बसू नका. खाली गुहा आहे की नाही ते वरून कळत नाही.

---

आरमार

मग पायथ्याशी मोठे दगड टाकून कडा बांधून का काढत नाहीत? रस्ता आहे, घरं आहेत, सायकलचा मार्ग आहे. आपल्याकडे मरीन ड्राइव्हला टेट्रापॉड टाकलेच ना.

---

खारा_वारा

आरमार, तुमचा प्रश्न रास्त आहे, आणि वेस्ट क्लिफवर काही ठिकाणी असे दगड टाकलेलेही आहेत. पण लेनच्या समोर ते होऊ नये असं मला ठामपणे वाटतं. कड्याच्या पायथ्याची लादी हीच तर लाटेची पायरी. तिच्यावर दगडांचा ढीग टाकला की जागा गेली, पायऱ्यांशी उतरायची वाट गेली, आणि भिंत बांधली तर प्रत्येक लाट आपटून उलटी येणार. समुद्राची पातळी वाढतेय. पाणी वर चढेल, खडक मात्र वर येणार नाही. आज फक्त भरतीला जी ढेपाळलेली लाट मिळते, ती उद्या दिवसातले जास्त तास मिळेल. त्यात आपण भिंतीची भर घालायची?

रस्ता मागे सरकवता येतो. कड्याच्या मागे लाइटहाउस फील्डचं मोकळं रान आहे. 1970 च्या दशकात तिथे हॉटेल आणि कन्व्हेन्शन सेंटर व्हायचं होतं, गावातल्या लोकांनी लढून ते थांबवलं. ते रान राहिलं म्हणून आज तिथे समुद्राला मागे यायला जागा आहे. मरीन ड्राइव्हच्या मागे अशी जागा नाही, त्यामुळे तिथला इलाज इथे लावू नये.

---

आरमार

पायऱ्यांचा मुद्दा लक्षात आला नव्हता. पण जिथे मागे घरं आहेत तिथे तुम्ही काय कराल?

---

कातळवेडा

तिथे उत्तर सोपं नाही. पण प्रत्येक तुकड्याचा वेगळा निर्णय घ्यावा, एकच भिंत सगळीकडे नको. सांताक्रूझला जागतिक सर्फिंग राखीव क्षेत्राचा मान मिळालेला आहे. त्याला कायद्याचं बळ नाही, तरी लाट हीसुद्धा जपायची गोष्ट आहे हे चर्चेत आणायला त्याचा उपयोग होतो.

---

प्रभातफेरी

नमस्कार. मी पुण्याचा, वय 67. डिसेंबरमध्ये मुलाकडे सनीव्हेलला येतोय. पाण्यात उतरायचा प्रश्न नाही, पण हे सगळं वाचून बघायची फार इच्छा झाली. कुठे उभं राहावं, कधी जावं?

---

खारा_वारा

काका, अवश्य या. डिसेंबर उत्तम महिना. मुलाला 46042 बघायला सांगा. 14 सेकंदांच्या वर आणि आठ फुटांच्या वर आकडा दिसला की दुसऱ्या दिवशी सकाळी निघा. सतरा नंबरचा हायवे वळणांचा आहे, पावसात सावकाश यायला सांगा. जॅकेट जाड घ्या, कड्यावर वारा बोचतो.

दीपगृहाच्या पूर्वेला कठडा आहे, तिथे उभं राहिलात की स्लॉट आणि पॉइंट अगदी पायाखाली दिसतात. माणसं एकमेकांना काय ओरडतायत तेही ऐकू येतं. मिडल पीकसाठी दुर्बीण आणा. मग काउल्सच्या दिशेने चालत जा, वाट सपाट आहे, बसायला बाकं आहेत. एखाद्या माणसावर नजर ठेवून बघा: इंडिकेटर्सवर उठलेला माणूस तुमच्या चालण्यापेक्षा वेगाने तुमच्या बाजूबाजूने जाताना दिसेल. संग्रहालय रोज उघडं नसतं, वेळ आधी बघून घ्या.

---

प्रभातफेरी

लिहून घेतलं. सकाळी किती वाजता पोचावं?

---

खारा_वारा

उजाडता उजाडता. वारा पडलेला असतो आणि गाडी लावायला जागा मिळते. त्या दिवशीची भरती सकाळी सातच्या आसपास असेल तर मात्र दोन-तीन तास उशिरा या, पाणी उतरायला लागल्यावर लाट सुधारते. तारीख ठरली की इथेच लिहा, मी कोष्टक बघून वेळ सांगते.